घरखर्चाच्या वहीत गर्व कसा शोधावा

आपण गर्विष्ठ आहोत का, असं मनाला विचारलं तर उत्तर बहुधा ‘छे!’ असंच येतं. म्हणून वहीला विचारायचं. ख्रिस्ती कुटुंबाला त्यासाठी दोन संध्याकाळी पुरतात.

पहिली संध्याकाळ: खुणा

गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयची यादी कागदावर घ्या. पाचशेच्या वरच्या प्रत्येक खर्चापुढे पेन्सिलने एक अक्षर लिहा: ‘ग’ म्हणजे गरज, ‘आ’ म्हणजे आनंद, ‘लो’ म्हणजे लोकांना दिसावं म्हणून. कसोटी एकच: कोणालाही कळणार नसतं, तरी हा खर्च केला असता का? नसता, तर ‘लो’; गर्व तिथेच शोधायचा. नवरा-बायकोने वेगवेगळ्या कागदांवर खुणा करून मग ताळा घ्यावा. जिथे अक्षरं जुळत नाहीत, तिथेच बोलण्यासारखं असतं.

इथे एक चूक हमखास होते: आनंदाचा सगळाच खर्च पाप ठरवला जातो. काना गावच्या लग्नात द्राक्षारस कमी पडला, तेव्हा येशूनेच तो पुरवला होता.

दुसरी संध्याकाळ: वाटणी

आधी दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा देवासाठी काढलेला दहावा हिस्सा. पगार 40,000 असेल तर 4,000 पगाराच्याच दिवशी बाजूला काढा. महिनाअखेरीस उरेल त्यातून देऊ म्हटलं की काही उरत नाही. बायबलच्या नव्या करारात मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, टक्का ठरवून दिलेला नाही. मनात ठरवल्याप्रमाणे, आनंदाने द्यावं, असं 2 करिंथ 9:7 मध्ये आहे. तेव्हा हप्त्यांतच निम्मा पगार जात असेल, तर 3 टक्के, म्हणजे 1,200 पासून सुरुवात करावी. दर सहा महिन्यांनी एक टक्का वाढवला, तर साडेतीन वर्षांत दशमांश गाठता येतो. उसने काढून दशमांश भरण्यात आम्हाला भक्तीपेक्षा अब्रूची काळजी जास्त दिसते.

गर्व देण्यातही शिरतो. चर्चमधला हंगामाच्या सणाचा, अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव आठवा: साध्या भोपळ्यावर बोली चढत जाते, कारण समोरच्या बाकावरचा थांबत नाही. घरूनच कमाल आकडा ठरवून जा. लिलावात तो पुरा वापरला गेला नाही, तर उरलेली रक्कम पाकिटात घालून, नाव न लिहिता दानपेटीत टाका. उजवा हात काय देतो हे डाव्याला कळू नये, असं मत्तय 6:3 मध्ये आहे; तो डावा हात तेवढा तरी अंधारात राहील. मासिक वर्गणीची पावती मात्र जरूर घ्या. ती मंडळीच्या हिशोबासाठी असते, मिरवायला नाही.

लग्न: इथे थांबून मोजा

लूक 14:28 मध्ये येशू म्हणतो, बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करा. पाया घालून काम अर्धवट राहिलं, तर लोक हसतील. आपल्याकडे उलटी भीती असते: लग्न लहान केलं तर हसतील.

ताटाला 350 रुपये धरले, तर 400 माणसांचं जेवण 1,40,000 आणि 250 माणसांचं 87,500. फरक 52,500 चा. हॉल, बँड, गाऊन, फोटो हे सगळं वेगळं. त्यासाठी 3 लाखांचं वैयक्तिक कर्ज 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साधारण 10,250 बसतो आणि व्याज 69,000 च्या आसपास जातं. वरच्या पगारातला पाव हिस्सा छत्तीस महिने गेला. ऋणको धनकोचा दास होतो, हे नीतिसूत्रे 22:7 मधलं वाक्य दर महिन्याला खात्यावर दिसेल.

यादी कापताना नात्यांपासून सुरुवात करू नका. ज्यांना फक्त ‘त्यांनी बोलावलं होतं’ म्हणून बोलवायचं आहे, ती नावं आधी काढा.

मदत मागायची वेळ आली तर

उघड कर्जापेक्षा लपवलेलं कर्ज जास्त वाढतं, कारण ते फेडायला दुसरं, महागडं कर्ज काढलं जातं. म्हणून चर्चच्या पाळकांकडे किंवा जवळच्या माणसाकडे लवकर जा, आणि वही सोबत न्या. कोणाचे किती, कोणत्या टक्क्याने, कधीपर्यंत, हे आकड्यांत सांगा. नुसतं ‘थोडी अडचण आहे’ म्हटलं, तर समोरचा फार तर प्रार्थना करू शकेल.