कलापरिचयाचा विषय घेतलेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी

पदवीच्या पहिल्या वर्षाचा अर्ज भरताना मुख्य विषयाखेरीज एखादा खुला ऐच्छिक विषय निवडावा लागतो. त्या यादीत चित्रकलेचा परिचय, संगीताची ओळख, नाट्यकलेची मूलतत्त्वे अशी नावे दिसली की वाणिज्य किंवा विज्ञान शाखेचे विद्यार्थी दोन कारणांनी ती निवडतात. विषय सोपा असावा असा काहींचा अंदाज असतो, तर शाळेत राहून गेलेली हौस पुरी करावी असे काहींना वाटते. दुसरे कारण उत्तम आहे. पहिले मात्र पहिल्या चाचणीतच खोटे ठरते, कारण या विषयात आदल्या रात्री मार्गदर्शक पुस्तक वाचून भागत नाही.

निवड करण्यापूर्वी विषय लेखी आहे की प्रात्यक्षिक, हे अभ्यासक्रमपत्रिकेत पाहून घ्यावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या रचनेत लेखी विषयाच्या एका क्रेडिटसाठी, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याच्या एककासाठी, १५ तास धरलेले असतात आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटसाठी ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचा प्रात्यक्षिक विषय घेतला, तर सत्रभरात ६० तास हाताने किंवा गळ्याने काम करावे लागते. इतिहासाचा बुडालेला तास मित्राच्या वहीवरून भरून काढता येतो. ताल धरायला शिकवलेला तास तसा भरून निघत नाही. मोहोळ, अक्कलकोट किंवा बार्शीहून रोज एसटीने सोलापूरला ये-जा करणाऱ्यांनी वेळापत्रकातील प्रात्यक्षिकाची वेळ आधी विचारावी, मगच अर्जावर खूण करावी.

ज्यांना कलेचेच पदवीशिक्षण घ्यायचे आहे, त्यांची वाट निराळी आहे. दृश्यकलेच्या चार वर्षांच्या पदवीसाठी राज्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते आणि तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (आकार आणि रंग यांची नक्षीदार मांडणी) व सामान्यज्ञान यांची तयारी लागते. संगीत किंवा नृत्य गुरूंकडे शिकणारे बहुतेक जण अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद या परीक्षा देत पुढे सरकतात. पुढचा मजकूर या दोघांनाही उपयोगी पडेल, परंतु तो प्रामुख्याने ज्याने शाळा सुटल्यापासून रंगपेटी उघडलेली नाही, अशा विद्यार्थ्यासाठी लिहिलेला आहे.

पहिल्या आठवड्यात एक कोरी, रेघा नसलेली वही घ्यावी. महागडी नको, महागड्या वहीत चूक करायला हात धजत नाही. एचबी, टू बी आणि फोर बी या तीन पेन्सिली पुरतात. रोज वीस मिनिटे घरातील एकच वस्तू काढावी, आणि ती तांब्या असावी, असा माझा आग्रह आहे. तांब्या जमिनीवर ठेवून समोर बसले की त्याचे तोंड आपल्याला पूर्ण गोल दिसत नाही, लंबगोल दिसते. तरीही बहुतेक जण ते गोलच काढतात, कारण तोंड गोल आहे हे त्यांना ठाऊक असते. ठाऊक असलेले न काढता दिसत असलेले काढायचे, एवढी एक गोष्ट उमगली तरी सत्राचे अर्धे काम झाले. लंबगोलाच्या दोन्ही टोकांना कोपरे येऊ देऊ नयेत. डोळ्याच्या पातळीवर धरलेले वर्तुळ रेषेसारखे दिसते आणि ते जसजसे खाली जाते तसतसे उघडत जाते, हे पडताळण्यासाठी हातातली बांगडी हळूहळू खाली नेऊन पाहावी. माझ्या पहिल्या सत्रातील सगळे तांबे हवेत तरंगत असत. पडछायेचा सर्वांत गडद भाग वस्तू जिथे जमिनीला टेकते तिथेच असतो, हे ध्यानात यायला मला दिवाळीची सुट्टी उजाडली.

छायेचा अभ्यास करायला सोलापूरसारखे गाव नाही. दुपारच्या उन्हात उजेड आणि सावली यांच्यामधली रेघ सुरीने कापल्यासारखी असते, तर सकाळी आठला सिद्धेश्वर तलावाच्या काठावर त्याच दगडी पायऱ्यांवर चार-पाच मध्यछटा दिसतात. भुईकोट किल्ल्याची एकच भिंत या दोन वेळांना काढून दोन्ही पाने शेजारी ठेवावीत; प्रकाशावरचा पाठ मग निराळा पाठ करावा लागत नाही.

आता संकल्पचित्राविषयी. वर्गात अवकाश हा शब्द येतो तेव्हा विद्यार्थी गडबडतात. रेषा, आकार, रंग, पोत हे डोळ्यांना दिसते, पण मोकळ्या जागेलाही आकार असतो हे पटत नाही. त्यासाठी घरातली जॅकार्डवर विणलेली सोलापुरी चादर अंथरावी. वरच्या बाजूला गडद जमिनीवर फिकट फूल असेल, तर कोपरा उलटून पाहावे: खालच्या बाजूला तेच फूल गडद झालेले असते आणि जमीन फिकट. एका बाजूला जी मोकळी जागा होती, तीच दुसऱ्या बाजूला आकृती बनून आलेली आहे. हे पाहिल्यावर फुलाऐवजी फुलांमधल्या जागेचाच आकार कागदावर काढून पाहावा. नंतर एकच नक्षी किती बोटांच्या अंतरावर पुन्हा येते ते मोजावे. त्या पुनरावृत्तीलाच संकल्पनात लय म्हणतात. ज्यांच्या घरी आजोबा-आजी मागावर बसत असत, त्यांनी हा प्रश्न आधी त्यांनाच विचारावा, कारण पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा तिथले उत्तर हमखास नेमके मिळते.

संगीताच्या परिचयात गाता येणे अपेक्षित नसते, ऐकता येणे अपेक्षित असते. सुरुवात तालापासून करावी. तीनतालाच्या १६ मात्रा, म्हणजे सारख्या अंतराचे ठोके, चार-चारच्या चार विभागांत मोडतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायचा. धा धिं धिं धा दोनदा, मग धा तिं तिं ता, मग ता धिं धिं धा, असे तोंडाने म्हणत हाताने मोजत राहावे. बसमध्ये बसून बोटांच्या पेरांवर मोजले तरी चालते. तोंड आणि हात जुळले की एखादे ध्वनिमुद्रण लावून फक्त सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधावी. राग कोणता, गायक कोण, हे तूर्त बाजूला ठेवावे. त्यानंतर ८ मात्रांचा केरवा आणि ६ मात्रांचा दादरा यांतला फरक ऐकून ओळखावा. भजनात आणि चित्रपटगीतांत हे दोन्ही ठेके इतके रुळलेले आहेत की उदाहरणे शोधत हिंडावे लागत नाही. रूपकाची मात्र घाई करू नये: त्याच्या ७ मात्रांत सम खालीवरच येते आणि नवख्याचा हात हमखास चुकतो.

नाटकाच्या बाबतीत एक अडचण आहे: गोष्टीत गुंतलेला प्रेक्षक बाकी काही पाहतच नाही. यावर नाट्यशास्त्रातली जुनी विभागणी कामाला येते. आंगिक म्हणजे देहाचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे मनातून शरीरावर उमटणारा, असे अभिनयाचे चार प्रकार तिथे सांगितले आहेत. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग पाहायला जाताना एकच पात्र आणि एकच प्रवेश निवडून या चार खान्यांत टिपणे काढावीत. रंगमंचाची उजवी-डावी बाजू नटाच्या दृष्टीने सांगतात, प्रेक्षकाच्या नव्हे. वहीत हे उलटे झाले की सगळा नकाशा फिरतो.

शिवाय नाटक म्हणजे केवळ कमानी रंगमंचावरचे नाटक, असे समजू नये. शाहीर राम जोशी सोलापूरचे आणि शाहीर अमर शेख बार्शीचे. मोडनिंबची लावणी-तमाशाची कलाकेंद्रे ऐन जिल्ह्यात आहेत आणि पंढरपूर तर हाकेच्या अंतरावर. गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम, किंवा नारदीय कीर्तनातला पूर्वरंग (निरूपण) आणि उत्तररंग (आख्यान), यांची एखाद्या नाटकाच्या अंकरचनेशी तुलना केलेली उत्तरपत्रिका परीक्षक थांबून वाचतो. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, नंदीध्वजांची मिरवणूक दरवर्षी पाहणाऱ्यांनी एकदा ती वही घेऊन पाहावी: उंच काठीचा तोल सांभाळताना पावले कशी पडतात, वाद्ये कुठे थांबतात, गर्दी कोणत्या क्षणी बाजूला होते. भक्तिभावाला याने बाधा येत नाही.

आता लेखनाकडे वळू, कारण गुण सर्वाधिक इथेच जातात. पाहिलेल्या कलाकृतीवर किंवा प्रयोगावर चार-पाचशे शब्दांचे रसग्रहण लिहिण्याचा स्वाध्याय बहुतेक अभ्यासक्रमांत असतो, आणि आलेल्या दहांपैकी आठ वह्यांत ‘अप्रतिम’, ‘मन हेलावून टाकणारे’, ‘डोळ्यांचे पारणे फेडणारे’ हे शब्द पहिल्या परिच्छेदातच भेटतात. या शब्दांतून लिहिणाऱ्याने नेमके काय पाहिले ते कळत नाही. पहिल्या मसुद्यात एकही विशेषण न वापरण्याचा नियम करावा. आधी फक्त वर्णन: मंचावर किती माणसे, कुठे उभी, प्रकाश कोणत्या बाजूने. नंतर त्या गोष्टींचा परस्परसंबंध, आणि मगच आपले मत. ‘शेवटचा प्रवेश फार परिणामकारक होता’ असे एका विद्यार्थिनीने लिहिले होते. विचारल्यावर ती म्हणाली, ‘सर, शेवटी आई बोलतच नाही, नुसती वाळत घातलेले कपडे काढत राहते.’ हेच वाक्य वहीत यायला हवे होते, आणि दुसऱ्या मसुद्यात ते आले. टिपणे प्रयोग संपल्यावर त्याच रात्री काढावीत. सकाळपर्यंत कथानक तेवढे उरते.

आंतरजालावरून उचललेले परीक्षण लगेच ओळखू येते, कारण त्यात हुतात्मामधल्या त्या संध्याकाळचे काहीच नसते.

सत्र चालू असतानाच विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची सूचना लागली, तर आपला विषय ऐच्छिक आहे म्हणून मागे राहू नये. स्थळचित्र, चिकटचित्र, भित्तिचित्र, मातीकाम, व्यंगचित्र, रांगोळी, मूकनाट्य, प्रहसन, एकांकिका अशा कितीतरी स्पर्धा तिथे असतात आणि महाविद्यालयाचा संघ नेहमीच माणसांच्या शोधात असतो. स्थळचित्रासाठी साधारणपणे अडीच तास मिळतात. घरी घड्याळ लावून त्या वेळेत निदान तीन चित्रे पूर्ण करून पाहावीत. पहिला अर्धा तास रेखांकनाला आणि शेवटची पंधरा मिनिटे रंग वाळायला राखावीत. कागद आयोजक देतात. रंग, कुंचले, पाण्याचा डबा, फळी आणि कागद फळीला धरून ठेवणारे चिमटे आपले आपण न्यावेत, आणि चिमटे चार न्यावेत, कारण दोन लावले की पंख्याच्या वाऱ्याने कागदाची खालची कड उडत राहते.