हंगामाआधी डिझेलच्या टाकीची तयारी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत जाळी विणून होतात, रंग मारला जातो, इंजिन फिटरच्या हवाली होतं. टाकी मात्र अर्धीमुर्धी भरलेली, तशीच पडून राहते. पावसाळी दमट हवा व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, आत शिरते, टाकीच्या थंड पत्र्यावर तिचे थेंब धरतात आणि ओघळून तळाशी जातात. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते खाली बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. डिझेल हेच त्यांचं खाद्य. त्यातून काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो, आम्ल सुटतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. ऑगस्टच्या पहिल्या फेरीत समुद्र अजून खवळलेला असतो. नौका हेलकावली की तळाचा हा सगळा गाळ वर येतो, फिल्टर चोक होतो आणि खाडीच्या मुखाशी, लाटा फुटत असतानाच, इंजिन बसतं. म्हणून हे काम ३१ जुलैच्या रात्रीवर टाकू नका. जुलैच्या मध्यालाच हाती घ्या.

आधी टाकीत काय आहे ते बघा. नौका निदान एक रात्र स्थिर राहू द्या. पेट्रोल पंपावर टाकीतलं पाणी तपासायला जी पेस्ट वापरतात ती मापाच्या काठीच्या टोकाला लावा आणि काठी तळापर्यंत सोडा. पाण्यात बुडालेल्या भागाचा रंग बदलतो, म्हणजे पाणी किती उंच आहे ते कळतं. मग तळाच्या ड्रेन कॉकमधून काचेच्या बरणीत नमुना घ्या. कॉक नसेल तर हातपंपाची नळी तळाला टेकवून घ्या. चांगलं डिझेल आरपार स्वच्छ दिसतं. गढूळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलेलं आहे. खाली पाणी, वर डिझेल आणि मध्ये तपकिरी साय दिसली तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उघडावीच लागेल.

उघडण्याआधी सामान जेटीवर जमवा: झाकणं असलेली रिकामी पिंपं, डिझेलला चालणारा पंप आणि नळ्या, ३० आणि १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरपूर फिल्टर, मॅनहोलचं, म्हणजे टाकीच्या मोठ्या झाकणाचं, नवं गॅस्केट, रबरी हातमोजे, धागे न सुटणारं कापड. कॉटन वेस्ट टाकीत नेऊ नका. तिचे धागे मागे राहतात आणि पुढे नळीत अडकतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. डिझेल सहज पेटत नाही या भरवशावर कोणी राहू नये. आपल्याकडच्या हायस्पीड डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, किमान ३५ अंश सेल्सिअस ठरवलेला आहे, आणि इंजिनखोलीत तेवढा उकाडा सहज होतो. विडी, वेल्डिंग, ठिणगी उडवणारी मोटर, सगळं लांब. स्थिर विजेची ठिणगी उडू नये म्हणून धातूचं पिंप आणि टाकी तारेने जोडून घ्या. मोठ्या टाकीत माणूस उतरवायचाच नाही, बाहेरूनच काम करा. गंजणारं लोखंड बंद जागेतला प्राणवायू खातं, आणि कुजलेल्या गाळातून सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सुटतो. तो जास्त झाला की नाकाला वासच येत नाही. एक खलाशी आत पडला म्हणून दुसरा धावला आणि दोघेही गेले, असं बंद टाक्यांत घडतं.

उपसताना आधी तळाचं पाणी आणि गाळ वेगळ्या पिंपात काढा, वरचं डिझेल दुसऱ्या. टाकीत आडवे पत्रे असतात, त्यांच्यामधला प्रत्येक कप्पा स्वतंत्र घासून पुसावा लागतो. एक कप्पा राहिला तर बुरशी तिथूनच परत पसरते. पाण्याने धुऊ नका, थोडं स्वच्छ डिझेल मारून तेच उपसा. पत्रा खोल खाल्लेला दिसला तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा.

काढलेलं डिझेल रात्रभर निवळू द्या, मग तळाचा थर सोडून आधी ३० आणि मग १० मायक्रॉनमधून गाळा. बरणीत स्वच्छ दिसेपर्यंत फिरवत राहा. काळं पडलेलं, उग्र वासाचं डिझेल वाचवण्याचा लोभ नको, कारण इंजिनात डिझेल फवारणारं नोझल आणि पंप त्याहून महाग पडतात. गाळ बंदरात ओतायचा नाही. त्याच पाण्यात आपली मासळी आहे. अधिकृत जुनं तेल घेणाऱ्याकडे द्या.

बुरशी मारणारं औषध यानंतर, लेबलवरच्या मापानेच. गाळ असताना औषध घातलं तर मेलेली बुरशी थेट फिल्टरमध्ये येऊन बसते.

पाणी येण्याच्या वाटा बंद करा. डेकवरच्या झाकणाचा रबर बदला. व्हेंटचं तोंड खाली वळलेलं आणि लाटेच्या वर हवं. पिंप जेटीवर उभं ठेवलं की माथ्यावर पावसाचं पाणी साचून बुचातून झिरपतं. ते आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं. टाकीच्या आत जस्ताचा मुलामा किंवा तांब्याची नळी असेल तर ती बदलण्याचा विचार करा, या धातूंमुळे डिझेल लवकर बिघडतं.

मग नवे फिल्टर बसवा, लाइनमधली एअर, म्हणजे डिझेलच्या नळीत अडकलेली हवा, काढा आणि टाकी भरून घ्या, कारण भरल्या टाकीत दमट हवेला जागा उरत नाही. जेटीला बांधूनच इंजिन लोडवर तासभर चालवा आणि पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची काचेची वाटी बघत राहा. सुरुवातीला थोडा गाळ येईलच. पहिल्या फेरीला निघताना फिल्टरचे दोन जादा संच आणि ते बदलायचा पाना इंजिनखोलीतच ठेवा, आणि अंधारात, हलत्या नौकेत फिल्टर बदलून एअर काढता येईल असे निदान दोघे खलाशी आधीच तयार करा.