शांतिसेना आणि सार्वभौमत्व : या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेताना हा विषय निघाला की काही चुका हटकून दिसतात. पहिली चूक म्हणजे परदेशी गेलेल्या प्रत्येक सैन्याला संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना मानणे. १९८७ साली श्रीलंकेत गेलेल्या भारतीय सैन्याच्या नावातच ‘शांतिसेना’ होती. तरीही ते दोन देशांमधील करारानुसार गेले होते. घरोघरची माणसे जहाजांवर असल्याने आपल्याकडे सोमाली चाच्यांचा विषय जिव्हाळ्याचा आहे, पण २००८ पासून एडनच्या आखातात गस्त घालणारे आपले नौदलही शांतिसेना नव्हे.

गोव्याच्या उदाहरणात होणारी चूक मला अधिक अस्वस्थ करते. ५ डिसेंबर १९६१ रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया कांगोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत लढताना धारातीर्थी पडले आणि १८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरले. हा दुटप्पीपणा नव्हे काय, असे प्रतिपक्षाने विचारताच आमची मुले गडबडतात किंवा चिडतात. बांद्याजवळच्या पत्रादेवीला १९५५ साली निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, ती आठवण या भागात अजून ताजी असल्याने चिडणे मी समजू शकतो, पण उत्तर मुद्द्यानेच द्यावे. पोर्तुगाल गोव्याला आपला सागरपार प्रांत म्हणत होता, तर वसाहत हा वसाहतकर्त्याचा प्रदेशच नव्हे, अशी भारताची भूमिका होती. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाच्या बाजूने ७ व विरोधात ४ मते पडली. विरोधकांत सोव्हिएत संघाबरोबर सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त) होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांना सार्वभौमत्व कोणाचे, हा प्रश्न आधी सोडवायचा होता, हे त्या मतांवरून कळते. मात्र संयुक्त राष्ट्रांनी कारवाईला मान्यता दिली, असेही म्हणू नये. ठराव सोव्हिएत नकाराधिकारामुळे अडला, एवढेच खरे.

‘आफ्रिकेला बाहेरचा हस्तक्षेप नकोच असतो’ हे वाक्यही सरसकट वापरू नये. आफ्रिकी संघाच्या २००० सालच्या घटनापत्रात वंशसंहार, युद्धगुन्हे यांसारख्या प्रसंगी सदस्य देशात हस्तक्षेप करण्याचा अधिकार संघाला दिला आहे. दुसरीकडे, २०२३ मध्ये मालीच्या लष्करी सरकारने संयुक्त राष्ट्रांची मोहीम देशाबाहेर काढली.

शेवटची चूक म्हणजे यजमान देशाची संमती एकदा मिळाली की ती कायमची असते, असे समजणे. सुएझ कालव्यावरून इस्रायल, ब्रिटन व फ्रान्सने इजिप्तवर केलेल्या हल्ल्यानंतर १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी उभारलेल्या सेनेत भारतीय तुकडी होती. इस्रायलने आपल्या भूमीवर ही सेना येऊच दिली नव्हती, त्यामुळे ती केवळ इजिप्तच्या बाजूला होती, आणि मे १९६७ मध्ये इजिप्तने संमती काढून घेताच तिला निघावे लागले. माघार पूर्ण होण्याआधीच जूनमध्ये इस्रायल-अरब युद्ध पेटले आणि गाझा पट्टीत परतीची वाट पाहणारे भारतीय जवान त्यात मारले गेले.