पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण डिस्प्ले येत नाही

बटण दाबलं, पंखे फिरले, कॅबिनेटवरचा दिवा लागला आणि स्क्रीन मात्र काळी ती काळीच. दुकानदाराच्या भाषेत याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. मुंबईच्या दमट हवेत यातल्या बऱ्याच केसेसमध्ये जळलेलं काहीच नसतं. कुठेतरी धातूचा धातूशी नीट संपर्क होत नसतो, एवढंच. म्हणून कॅबिनेट टॅक्सीत घालून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठण्याआधी घरी तासभर द्या. लागेल ते सामान असं: फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पांढरा खोडरबर, मऊ ब्रश, टॉर्च, सीआर२०३२ हा बटन सेल आणि असलाच तर मल्टिमीटर.

एक पथ्य शेवटपर्यंत पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच चालू करून बघा. रॅम (मेमरीची पट्टी), सेल, केबल सगळं एकदम हलवलं आणि डिस्प्ले आला, तरी दोष कशात होता ते कळत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच रड.

दोष आत की बाहेर?

कॉम्प्युटर चालू करून मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर आतलं यंत्र जिवंत आहे, चित्र फक्त बाहेर येत नाहीये. अशा वेळी कॅबिनेट उघडायची घाई नको. दिवा ढिम्म असेल तर संशय आत. (दिवाच नसलेले कीबोर्ड हल्ली बरेच आहेत. शेजाऱ्यांकडून दिव्याचा, वायरचा कीबोर्ड मागून आणा.)

बाहेरचं पटकन उरकतं. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येत असेल तर मॉनिटर ठीक आहे. त्याच्या मेन्यूत इनपुट बघा. केबल एचडीएमआयची आणि निवड व्हीजीएची, हा घोळ नेहमीचा. स्क्रीन अगदी काळी असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च तिरका धरा. पुसटसं चित्र दिसलं तर मॉनिटरची बॅकलाइट गेली आहे, कॉम्प्युटरचा काही दोष नाही. विंडोज चालू झाल्याचा आवाज येतो पण चित्र नाही, असं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

केबल कुठे खोचली आहे तेही बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डात, म्हणजे मागच्या बाजूच्या आडव्या पट्टीत जायला हवी. वरच्या उभ्या पोर्टमध्ये, म्हणजे मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला) लावली, की बऱ्याच बोर्डांवर काहीच दिसत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसतंच. एएमडीच्या रायझन ५ ३६०० किंवा ५६०० मध्येही नसतं. ५६००जी मध्ये असतं. कार्ड काढून ‘आता बोर्डावरून बघू’ असा प्रयोग अशा मशीनवर केला, तर निरोगी मशीनही मेल्यासारखं वाटेल.

केबल लावता-काढताना कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्हींचे प्लग भिंतीवरच्या बोर्डातून बाहेर काढा. जुन्या चाळींमध्ये अर्थिंग नसतं, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालवलेला असतो. अशा ठिकाणी एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर १०० व्होल्टच्या आसपास दाब येऊन बसतो. हाताला मुंग्या येतात त्या यानेच, आणि चालू स्थितीत एचडीएमआय खोचताना पोर्ट जाऊ शकतो तोही यानेच.

रॅम: निम्मं काम इथेच

आता कॅबिनेट. प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज उतरेल. मागचे दोन स्क्रू काढून डावं झाकण मागे सरकवा. आत हात घालण्याआधी पत्र्याला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल.

रॅमच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते. मुलामा अगदी पातळ. वर्सोवा, दादर, वरळीच्या किनाऱ्याजवळ खिडकी उघडी असली की खारी हवा आत येते. वन रूम किचनमध्ये फोडणीचा धूर येतो. त्यात धूळ बसते आणि त्या पट्ट्यांवर न दिसणारी किट धरते. रोज चालणारं मशीन आतल्या उष्णतेने कोरडं तरी राहतं. गणपतीला घर बंद करून दहा दिवस कोकणात जाऊन आलं, की मग बटण दाबल्यावर काळी स्क्रीन.

दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबून रॅम काढा. काही बोर्डांवर खिट्टी एकाच बाजूला असते, दुसरी शोधत जोर लावू नका. काढलेली रॅम कॅबिनेटपासून लांब, कागदावर धरा. खोडरबर पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने, वरून कडेकडे, हलक्या हाताने आठ-दहा वेळा फिरवा. पेनाची शाई खोडायचा खरखरीत निळा रबर नको, तो मुलामाच खरवडतो. काळपट किट रबराला लागलेली दिसेल. चुरा ब्रशने झटका. स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं. आयसोप्रोपाइल अल्कोहोल असेल तर कापडाने त्याचा एक हात फिरवा आणि पाच मिनिटं वाळू द्या. स्लॉट ब्रशने किंवा हातपंपाने साफ करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब आत जातात.

परत लावताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने समान दाब द्या. दोन्हीकडून ‘टक’ असा आवाज यायला हवा. एका टोकाने अर्धा मिलिमीटर वर राहिलेली रॅम बघताना बसल्यासारखीच वाटते, म्हणून डोळे स्लॉटच्या पातळीत आणून बघा. आधी एकच पट्टी लावा. चार स्लॉटच्या बोर्डावर ती प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये जाते, त्याशेजारी बहुधा ए२ असं लिहिलेलं असतं. नाहीच जमलं तर दुसरी पट्टी, मग दुसरा स्लॉट.

रॅम डीडीआर५ या नव्या प्रकारची असेल तर धीर धरा. नवी रॅम लावल्यावर किंवा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) रिसेट केल्यावर बोर्ड आधी रॅम जुळवून घेतो आणि त्यात काही मिनिटं काळ्या स्क्रीनवरच जातात. तीस सेकंदांत वैतागून बटण बंद केलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

सेल आणि बायोस

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसला तर बदलून टाका. काही जुने बोर्ड सेल उतरल्यावर डिस्प्लेच देत नाहीत. सेल काढलाच आहे तर प्लग बाहेर ठेवून पाच मिनिटं तसाच राहू द्या, बायोसची सेटिंग मूळपदावर येतील. ‘क्लिअर सीमॉस’ असं लिहिलेल्या दोन पिना असतील तर त्यांवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दहा सेकंद टेकवलं तरी तेच होतं. रॅमचा वेग वाढवून ठेवल्यावर डिस्प्ले गेला असेल तर औषध हेच. मात्र ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप) असेल तर त्यानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं; ती आधी शोधून ठेवा.

वीज पोचते कुठवर?

पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला, हा गैरसमज फार पसरलेला आहे. पंख्याला थोडीशी १२ व्होल्टची वीज पुरते. प्रोसेसरला वेगळी केबल लागते, ४ किंवा ८ पिनांची, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. साफसफाई करताना ती ढिली झाली की पंखे मजेत फिरतात आणि प्रोसेसर उपाशी. ग्राफिक्स कार्डाच्या ८ पिनांची केबल दिसायला तशीच असते पण तिची जोडणी वेगळी. जोर लावून अदलाबदल करू नका. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंतच मिळतात. कार्डावर ६ किंवा ८ पिनांचं तोंड असेल तर ते रिकामं ठेवून चालत नाही.

मल्टिमीटरची काळी तार काळ्या वायरला आणि लाल तार पिवळ्या वायरला, मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणाऱ्या चार पिनांच्या जोडणीच्या) तोंडात लावा. ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५. मशीन चालू करताना आकडा कोसळत असेल तर एसएमपीएस बदला. त्याचा डबा मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

प्रोसेसरच्या आसपासच्या कपॅसिटरांची डोकी बघा. सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी खपली धरलेली दिसली तर बोर्डाचं काम निघालं.

बोर्ड काय सांगतो ते ऐका

नव्या बोर्डांवर बऱ्याचदा चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ज्यावर अडलं त्याचा दिवा लागून राहतो. दिवे नसतील तर चार पिनांच्या जोडणीचा छोटा बझर स्वस्तात मिळतो, तो ‘स्पीकर’ लिहिलेल्या पिनांवर लावा. बीपचा अर्थ बायोसप्रमाणे बदलतो; अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स.

सगळ्यात उपयोगाची चाचणी मात्र वेगळीच. सगळी रॅम काढा आणि चालू करा. बीप आला किंवा डीरॅमचा दिवा लागला, तर प्रोसेसर जिवंत आहे, तो रॅम शोधतोय, आणि दोष बहुधा रॅम किंवा स्लॉटमध्ये आहे. बझर लावूनही शुकशुकाट असेल तर प्रोसेसर, बोर्ड किंवा एसएमपीएस. मग बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम व एसएमपीएस जोडून बघा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. इथे डिस्प्ले आला तर कॅबिनेटमध्ये बोर्ड कुठेतरी पत्र्याला टेकत होता. बोर्डाखाली नको त्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारा टेकू) शोधा.

हिंदमाता किंवा कुर्ल्यासारख्या ठिकाणी तळमजल्यावर पाणी शिरून कॅबिनेट भिजलं असेल तर वरचं काहीही करू नका. चालू न करता बोर्ड काढून साफ करून घ्या. भिजलेला एसएमपीएस सरळ बदलायचा.

दुकानात जायची वेळ आलीच तर सगळं कॅबिनेट नेण्याऐवजी संशयित पार्ट न्या. रॅमची पट्टी खिशात मावते; डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते लेबलवर वाचून घ्या, कारण खाचा वेगळ्या असतात. ती तुमच्यासमोर दुसऱ्या मशीनमध्ये लावून दाखवायला सांगा. बोर्डच न्यायचा असेल तर जड ग्राफिक्स कार्ड आधी काढून वेगळं गुंडाळा. लोकलच्या धक्क्यात लटकतं कार्ड स्लॉट उखडतं. निघण्यापूर्वी आत लावलेल्या सगळ्या पार्टांच्या लेबलांचे, सीरियल नंबर वाचता येतील असे फोटो काढून ठेवा.