किलोवॅट आणि युनिट यांची गल्लत : खरेदीपूर्वी या चुका टाळा

मे महिना सरत आला की म्हापसा, फोंडा, मडगाव येथील दुकानांत इन्व्हर्टरची चौकशी वाढते आणि जाहिरातींतील आकड्यांचा घोळही. ‘900 वॅटचा इन्व्हर्टर, रात्रभर वीज’ या दाव्यात दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. वीज कोणत्या वेगाने खर्च होते ते वॅट सांगतात; एकूण किती साठली किंवा खर्च झाली ते वॅट-तासांत मोजतात. वीज खात्याच्या बिलावरील एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. माहितीपत्रकात ‘किलोवॅट प्रति तास’ छापलेले दिसले, तर ते लिहिणाऱ्याने गुणाकाराच्या जागी भागाकार केला आहे, असे खुशाल समजावे.

इन्व्हर्टरवरचा 900 हा आकडा बहुधा व्होल्ट-अँपिअरचा असतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी प्रत्यक्ष वॅट म्हणून मिळणारा हिस्सा, 0.8 धरला तर तो 720 वॅटचाच भार उचलतो. तो किती वेळ चालेल, हे मात्र बॅटरीवर ठरते. 12 व्होल्टच्या 150 अँपिअर-तास बॅटरीत कागदोपत्री 1,800 वॅट-तास वीज असते. 75 वॅटचे तीन पंखे, 9 वॅटचे चार दिवे आणि राउटर मिळून सुमारे 270 वॅट होतात; म्हणजे रूपांतरातील घट वजा जाता बॅटरी नवी असताना पाचेक तास, जुनी झाल्यावर त्याहून कमी. इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडत असेल तर वॅट अपुरे आहेत. निमूटपणे चालून मध्यरात्री संपत असेल तर वॅट-तास अपुरे आहेत, आणि तेव्हा बॅटरी तीच ठेवून मोठा इन्व्हर्टर घेणे म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणे.

विजेच्या स्कूटरची ‘3 किलोवॅटची बॅटरी’ सांगितली जाते, तेव्हा तो आकडा मोटरचा की बॅटरीचा, हे विचारावे. पल्ला किलोवॅट-तासांवर अवलंबून असतो. छतावरचा 3 किलोवॅटचा सौर संच ‘दिवसाला 3 किलोवॅट देतो’ हेही चूक. स्वच्छ उन्हात तो दिवसाला साधारण 12 युनिटे देतो, गोव्यातल्या जुलैत बरीच कमी.

पॉवर बँकेवरील मिलिअँपिअर-तास तर व्होल्टेज कळल्याखेरीज निरर्थक. आतील सेलच्या 3.7 व्होल्टला 20,000 म्हणजे 74 वॅट-तास. दाबोळी किंवा मोपा येथून विमानाने जाणाऱ्यांनी हाच हिशेब पाहावा, कारण हातातील सामानात विनापरवानगी मर्यादा 100 वॅट-तासांची आहे आणि 30,000ची पॉवर बँक 111 वॅट-तासांची भरते.