क्लीन इन्स्टॉलनंतर लॅपटॉप पुन्हा फॅक्टरी सेटिंगवर

लक्षण: नवी पेठेतल्या एका दुकानात विंडोज नव्याने टाकून घेतलं. तेव्हापासून रिकव्हरीची की (फॅक्टरी सेटिंग परत आणायचं बटण) दाबली तरी थेट विंडोजच उघडतं. टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होत नाही, स्पीकर फाटल्यासारखा वाजतो.

'रीसेट धिस पीसी' करून पाहिलं. ते आत्ता असलेलंच विंडोज पुन्हा टाकतं, कंपनीचे ड्रायव्हर (टचपॅड, स्पीकर वगैरे नीट चालवणारे प्रोग्रॅम) आणत नाही. दुकानात डिस्कवरचं रिकव्हरी पार्टिशनच (फॅक्टरी सेटिंग जपून ठेवलेला भाग) पुसलं होतं, त्यामुळे रिकव्हरीची की बिचारी काय करणार! डोकं पार उठलं होतं.

जमलं ते असं. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर, डी ड्राइव्हसकट, कारण पुढे अख्खी डिस्क पुसली जाते. मग लॅपटॉपच्या तळाचा सिरीयल नंबर उतरवून घेतला आणि भावाच्या कॉम्प्युटरवर लॅपटॉपच्याच कंपनीच्या साइटवरून रिकव्हरी टूल उतरवलं. नंबर टाकला की त्या मॉडेलची इमेज (विंडोज आणि ड्रायव्हरची तयार प्रत) मिळते; ती ३२ जीबी पेनड्राइव्हवर लिहिली. पेनड्राइव्ह रिकामा हवा.

त्यानंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग) 'लोड डिफॉल्ट्स' करून सेव्ह. हे चुकवू नका. दुकानात स्टोरेज मोड (डिस्क कशी वापरायची ती सेटिंग) बदलला असेल, तर तो इथे मूळ जागी येतो. चार्जर लावूनच बूट मेनूतून (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ती यादी) पेनड्राइव्ह निवडा आणि फॅक्टरी रिकव्हरीला हो म्हणा. मधे अनेकदा रीस्टार्ट होतं, स्क्रीन काळी पडते. पॉवर बटणाला हात लावू नका.

विंडोजची लायसन्स की मदरबोर्डमध्येच होती, इंटरनेट जोडताच ॲक्टिव्हेट झालं. स्क्रोल आणि आवाज दोन्ही ठीक.