आनापान आणि ख्रिस्ती मौनप्रार्थना: एका बैठकीत एकच

आनापान (श्वास पाहण्याचं बौद्ध ध्यान) आणि ख्रिस्ती मौनप्रार्थना, दोन्ही मिसळलं की गाडं अडतं, म्हणून एका वेळी एकच करा.

आनापानात पाठ ताठ, डोळे मिटलेले. नाकपुड्यांखाली येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहा; मुद्दाम लांबवू नका. मंत्र जोडलात की मन शब्दाला चिकटतं, संवेदना निसटते. इगतपुरीच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिराची सुरुवात यानेच होते. पुढे खाज उठते, विरते. तिला ‘माझी’ म्हणणारा कुणी सापडत नाही. हाच अनत्त, म्हणजे ‘मी’ असं काही वेगळं नसणं.

‘सेंटरिंग प्रेयर’ ही ख्रिस्ती मौनप्रार्थना १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या ट्रॅपिस्ट (कॅथलिक संन्याशांच्या एका पंथाच्या) मठात घडली: २० मिनिटं, दिवसातून दोनदा. ‘अब्बा’ (पिता) यासारखा छोटा शब्द निवडा, विचारात गुंतलात तरच त्याकडे वळा. सतत जप करायचा नाही (आपल्याकडे सवयीने तोच सुरू होतो). शब्द म्हणजे देवाला होकार. इथे ‘मी’ नाकारला जात नाही, देवाच्या स्वाधीन होतो.